शाळेतील छळ आणि विद्यार्थ्याने त्याला द्यावयाचे तोंड : माणगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

‘बुलिंग’ या संज्ञेला मराठीत सर्वमान्य असा एक प्रतिशब्द अद्याप रूढ झालेला नाही. दादागिरी, दांडगाई, टवाळी, खोड्या, हिणवणे, चिडवणे, छळ असे अनेक शब्द आपल्याकडे आहेत. परंतु त्यांपैकी प्रत्येक शब्द वस्तुस्थितीचा केवळ एक भाग सांगतो. त्यातही ‘चिडवणे’ या शब्दाची अडचण विशेष आहे. दोन मित्रांमधील थट्टा हेही चिडवणेच आणि एखाद्या मुलाला वर्षभर शाळा नकोशी करून टाकणारी अवहेलना हेही चिडवणेच. परिणामी ‘मला चिडवतात’ असे मूल घरी सांगते, तेव्हा ऐकणारी मोठी माणसे बहुधा पहिला अर्थ घेतात आणि ‘दुर्लक्ष कर’ असे सांगून मोकळी होतात. मुलाला मात्र दुसरा अर्थ अभिप्रेत असतो.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास स्वीडन व नॉर्वे या देशांत १९७०च्या दशकात सुरू झाला. डॅन ओल्वेउस हे त्याचे प्रवर्तक मानले जातात. त्यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली : इजा करण्याचा हेतू, कृतीची पुनरावृत्ती आणि दोन्ही पक्षांच्या बळातील विषमता. यांपैकी तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे होय. समान बळाच्या दोन मुलांची मारामारी हे भांडण असते. त्यात समेट घडवता येतो. जेथे एक पक्ष संख्येने, वयाने, अंगबळाने, जातीने अथवा पैशाने वरचढ असतो, तेथे भांडणाचे नियम लागू पडत नाहीत. १९८२ साली नॉर्वेच्या उत्तर भागातील तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सहाध्यायांकडून झालेला छळ हे त्यांमागील कारण असावे, असे मानले गेले. पुढील वर्षी त्या देशात राष्ट्रव्यापी मोहीम सुरू झाली आणि हा प्रश्न जगापुढे आला. युनेस्कोने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याला मागील महिन्यात किमान एकदा तरी सहाध्यायांच्या छळाला सामोरे जावे लागले होते.

हा विषय केवळ शालेय शिक्षकांचा आहे, असे महाविद्यालयीन अध्यापकांना वाटणे स्वाभाविक आहे. तथापि महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत भरतात. सोळा वर्षांचा विद्यार्थी दहावीपर्यंतचे सर्व हिशेब सोबत घेऊन त्या इमारतीत येतो. ज्याने छळले तोही त्याच बाकांवर येऊन बसतो.

माणगाव परिसरातील स्वरूप

माणगाव हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आणि कोकण रेल्वेच्या मार्गावर वसलेले आहे. तालुक्यातील गावे, वाड्या व कोंड डोंगराच्या कुशीत विखुरलेले आहेत. माध्यमिक शाळा अथवा कनिष्ठ महाविद्यालय गाठण्यासाठी अनेक विद्यार्थ्यांना एसटीवर अवलंबून राहावे लागते. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या विद्यार्थिनींना हा प्रवास विनामूल्य उपलब्ध आहे. मुलींच्या शिक्षणाला त्यामुळे मोठा हातभार लागला आहे, यात शंका नाही.

परंतु छळाच्या दृष्टीने पाहता हीच बस एक वेगळे स्थान ठरते. शहरातील मुलाला त्रास टाळण्यासाठी दुसरी बस, दुसरा रस्ता, क्वचित दुसरी शाळाही मिळू शकते. ज्या वाडीला सकाळी एक आणि सायंकाळी एक गाडी येते, तेथील मुलाला हा पर्याय नाही. मागच्या बाकांवर बसणारी टोळी तीच, थांबा तोच आणि थांब्यापासून घरापर्यंतची पायवाटही तीच. वर्गात शिक्षक असतात, मैदानावर निदान इतरांची नजर असते. पायवाटेवर कोणीही नसते. मोबाइल फोन सर्वत्र पोहोचल्यापासून घराचा उंबरठाही या त्रासाची सीमा राहिलेला नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सायंकाळी टाकलेले एखादे विद्रूप केलेले छायाचित्र दुसऱ्या दिवशी बसमध्ये सर्वांच्या आधी पोहोचलेले असते.

छळ कोणाचा होतो, हा प्रश्नही स्थानिक समाजरचनेपासून वेगळा करता येत नाही. रायगड जिल्ह्यात कातकरी समाजाची वस्ती मोठी आहे. केंद्र शासनाने विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आदिवासी गटांत महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींचा समावेश आहे, त्यांपैकी ही एक होय. खैराच्या झाडापासून कात काढण्याचा जुना व्यवसाय जमातीच्या नावात टिकून आहे. व्यवसाय मात्र केव्हाच गेला. अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पुढील पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा त्यामुळे मधूनच तुटते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ४ नुसार शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो. तरतूद योग्यच आहे. पण बारा वर्षांचे मूल अक्षरओळखही कच्ची असताना सहावीत येऊन बसते, तेव्हा वाचन करताना ते अडखळते आणि वर्ग हसतो. हे हसू एका दिवसाचे राहिले, तर त्याला छळ म्हणता येणार नाही. ते रोजचे झाले, त्याला बोलीची नक्कल आणि जमातीच्या नावाचा शिवीसारखा वापर जोडला गेला, की मूल शाळेत येईनासे होते. हजेरीपटावर त्याची नोंद ‘स्थलांतरित’ अशी होते. खरे कारण कोणत्याच नोंदवहीत उमटत नाही.

कणखरपणाची शिकवण आणि तिची मर्यादा

मराठी घरांत या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या दिले जाणारे उत्तर एकच आहे : घाबरू नकोस, कणखर हो. या उत्तराचे सर्वांत परिचित वाङ्मयीन रूप साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये आढळते. पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला त्याची आई मारून-मुटकून पोहायला पाठवते, कारण आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणून हिणवू नये, अशी तिची तळमळ असते. साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक माणगाव तालुक्यातच, गोरेगावनजीक वडघर येथे आहे आणि तेथे विद्यार्थी व युवक यांची शिबिरे भरतात. या परिसरातील अध्यापकांना हा प्रसंग नव्याने सांगण्याची गरज नाही.

मात्र त्यातील एक गोष्ट नीट पाहण्याजोगी आहे. श्यामची भीती पाण्याची होती. पाण्यात उतरल्यावर ती गेली, कारण पाणी कोणाला हेतुपूर्वक बुडवत नाही आणि भिणाऱ्याला पाहून त्याला चेव येत नाही. छळणाऱ्या टोळीचे तसे नसते. तिला समोरच्याची भीती दिसते, ती ओळखते आणि तिच्यावरच पोसली जाते. म्हणून पाण्याला लागू पडणारा उपाय माणसांना लागू पडेलच असे नाही. ‘श्यामची आई’चा दाखला देऊन मुलाला एकट्याने टोळीपुढे पाठवणारा पालक त्या माऊलीवरही अन्याय करतो. तिने मुलाला ज्या विहिरीवर पाठवले, तेथे पोहणारी माणसे त्याला सांभाळायला हजर होती.

स्वतः साने गुरुजी १९२० च्या दशकात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना तेथील छात्रालयाचे काम पाहत. मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे अशी कामे ते न बोलता करीत. ज्याच्या खोलीत शिक्षक रोज येतो, त्याच्या खोलीत दांडगाईला फारशी जागा उरत नाही.

विद्यार्थ्याला काय करता येते

अमेरिकेत स्टॅन डेव्हिस आणि चारिस निक्सन यांनी तेरा हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारला : तुम्हाला त्रास झाला तेव्हा तुम्ही काय केलेत आणि त्याने परिस्थिती सुधारली की बिघडली? उत्तरे रूढ समजुतींना धक्का देणारी होती. उलट मारणे, छळणाऱ्याला ‘थांब’ असे सुनावणे, आपल्याला काहीच वाटले नाही असे भासवणे, हे मोठ्यांकडून नेहमी सुचवले जाणारे उपाय अनेकदा निष्फळ अथवा घातक ठरले. मित्राला सांगणे, घरातील मोठ्या माणसाला सांगणे, शाळेतील मोठ्या माणसाला सांगणे हे उपाय तुलनेने अधिक उपयोगी पडले. भारतीय परिस्थिती वेगळी आहे आणि हे निष्कर्ष जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. तरीही त्यांतील सूत्र विचार करण्यासारखे आहे : जे उपाय मुलाला एकटेच ठेवतात ते बहुधा फसतात आणि जे तिसऱ्या माणसाला आत आणतात ते बहुधा तारतात.

याचे कारण छळाच्या रचनेत आहे. फिनलंडमधील संशोधक क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली दाखवून दिले, की छळ हा दोघांमधील व्यवहार नसतो. त्यात साथ देणारे असतात, हसून उत्तेजन देणारे असतात, बाजूला राहणारे असतात आणि थोडेसे बचाव करणारेही असतात. प्रेक्षक नसेल तर खेळाला रंग चढत नाही. कॅनडातील हॉकिन्स, पेप्लर व क्रेग यांनी शाळेच्या मैदानांवर केलेल्या चित्रीकरणात असे आढळले, की सुमारे पाचपैकी एकाच प्रसंगी एखादे मूल मध्ये पडले. परंतु जेथे ते पडले, तेथे निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. वर्गातील एका मुलाचे ‘अरे, पुरे आता’ हे शब्द पीडित मुलाने कमावलेल्या सर्व कणखरपणापेक्षा अधिक काम करतात.

यावरून विद्यार्थ्याला सांगावयाच्या गोष्टी निश्चित करता येतात. त्या फार नाहीत. त्रास देणाऱ्यांशी वाद न घालता तेथून निघून जाणे हा पळपुटेपणा नव्हे, हे त्याला स्पष्टपणे सांगावे लागते. कारण मुलग्यांच्या मनात याविषयी मोठी लाज असते. बसमध्ये मागच्या बाकांऐवजी वाहकाजवळ बसावे आणि थांब्यापासून घरापर्यंत कोणाची तरी सोबत जोडावी. ही सोबत जिवलग मित्राचीच असली पाहिजे असे नाही; त्याच वाटेने जाणारी आठवीतील एखादी मुलगीही पुरते. काय घडले, केव्हा, कोठे आणि त्या वेळी कोण हजर होते, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे. फोनवर आलेला मजकूर रागाने पुसून टाकू नये, त्याचे छायाचित्र जपून ठेवावे; तक्रारीच्या वेळी हाच पुरावा उपयोगी पडतो आणि लिहिण्याच्या कृतीनेच मनाला थोडी बैठक येते.

सांगण्याची पद्धतही शिकवावी लागते. ‘मला चिडवतात’ हे वाक्य अपुरे आहे, हे आरंभी पाहिलेच. ‘गेले तीन आठवडे रोज सुटीनंतर तिघेजण माझे दप्तर गटारात टाकतात, मला एकट्याला हे थांबवता येत नाही, मला तुमची मदत हवी आहे’ असे म्हणता आले, तर ऐकणाऱ्याला पळवाट राहत नाही. पहिल्या माणसाने ऐकले नाही, तर दुसऱ्याकडे जायचे, हेही मुलाला आधीच ठाऊक असावे. दक्षिण रायगडातील अनेक घरांत वडील मुंबईला किंवा आखाती देशांत नोकरीला असतात आणि मूल आई किंवा आजी-आजोबांजवळ वाढते. आजोबांना सांगून काय होणार, असे मुलाला वाटते. मुलींच्या बाबतीत भीती आणखी वेगळी असते. तक्रार केली तर त्रास देणाऱ्याची नव्हे, आपलीच शाळा बंद होईल, हे त्यांना पक्के ठाऊक असते आणि हा अंदाज दुर्दैवाने पुष्कळदा खरा ठरतो. म्हणून घराबाहेरील एक पत्ता प्रत्येक मुलाजवळ असणे आवश्यक आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही बालकांसाठीची निःशुल्क दूरध्वनी सेवा आज शासनामार्फत चालते. मानसिक ताणासाठी २०२२ पासून टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. जीव नकोसा वाटतो असे एखाद्या मुलाने सुचवले, तर ते नाटक समजू नये. त्याच दिवशी, त्याला एकटे न सोडता, घर व डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचावे.

एका भाकरीची गोष्ट

शालेय अवहेलनेची महाराष्ट्रातील सर्वांत ठळक नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी करून ठेवली आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे; शिपाई हजर नसेल तर तहान लागूनही पाणी मिळत नसे. ही अवहेलना केवळ सहाध्यायांची नव्हती. तिच्यामागे संपूर्ण सामाजिक व्यवस्था उभी होती. म्हणून तिला ‘बुलिंग’ म्हणणे अपुरेच ठरेल. वरचढ बळ म्हणजे काय, हे मात्र या उदाहरणाइतके स्पष्टपणे अन्यत्र दिसत नाही. पुढे १९२७ साली माणगावच्या शेजारच्याच महाडला चवदार तळ्यावर त्यांनी सत्याग्रह केला, तोही पाण्याच्याच प्रश्नावर.

त्याच शाळेतील आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक मधल्या सुटीत आपल्या डब्यातील भाजी-भाकरी या विद्यार्थ्याला देत. बाबासाहेबांनी ती आठवण आयुष्यभर जपली. त्या शिक्षकांनी व्यवस्था बदलली नाही, वर्गाला उपदेश केल्याचीही प्रसिद्धी नाही. त्यांनी रोज भाकरी दिली. हे मूल एकटे नाही, एवढे त्या भाकरीने सर्वांना दिसत होते. मानसशास्त्र ज्याला सामाजिक आधार म्हणते, त्याचे यापेक्षा चांगले उदाहरण परकीय ग्रंथांतून शोधण्याचे कारण नाही.

कायदा आणि संस्थाप्रमुखांची अडचण

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ हा केवळ वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी आहे, असा गैरसमज आढळतो. वस्तुतः त्यातील शैक्षणिक संस्थेची व्याख्या व्यापक असून तीत वसतिगृहे व खासगी शिकवण्याही येतात. भीती, लाज अथवा मनस्ताप उत्पन्न करणारे वर्तन, चिडवणे, शिवीगाळ व धमकावणे यांचा त्यात समावेश होतो आणि संस्थेच्या आवाराबाहेर घडलेली कृतीही त्याच्या कक्षेत येते. बसमधील त्रास हा ‘बाहेरचा मामला’ नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी करावयाची, सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावयाची. कुचराई केल्यास प्रमुखाने गुन्ह्यास साहाय्य केले, असे मानले जाते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी असून दोषी विद्यार्थ्याला काढून टाकल्यावर पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मानसिक छळास मनाई करते. मात्र त्याचा रोख मुख्यतः शाळा व शिक्षक यांच्या वर्तनाकडे आहे. राज्य शासनाने २०२२ साली शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या नेमण्याचे आदेश दिले आणि बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये तक्रारपेटी व अन्य उपायांबाबत पुन्हा बजावले.

तरीही तक्रारी नोंदवल्या जात नाहीत, याचे एक कारण शिक्षेच्या कठोरपणातच असावे. लहान गावात आरोपी मुलाचे वडील शाळेच्या समितीवर असतात, पीडिताचे वडील त्यांच्याच शेतावर कामाला जातात. सोळा वर्षांच्या मुलाला पोलिसांत पाठवण्याचे धाडस प्रमुखाला होत नाही आणि मधला मार्ग कायद्यात नाही असे वाटून प्रकरण ‘आपापसांत’ मिटवले जाते. वस्तुतः अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, जेथे भर शिक्षेवर नसून सुधारणेवर असतो. आणि प्रकरण त्या थराला जाण्यापूर्वी शिक्षकाला करता येण्यासारखे पुष्कळ असते. छळणारे मूल घरी स्वतः मार खात असल्याचेही अनेकदा आढळते; पण त्या कारणाने त्याला मोकळीक देणे हा पीडितावर दुसरा अन्याय होईल.

सांगितल्यानंतरचा आठवडा

मूल सांगते त्या क्षणी शिक्षकाकडून सर्वाधिक होणारी चूक म्हणजे दोघांना समोरासमोर उभे करून हात मिळवायला लावणे. बळ विषम असताना केलेला समेट म्हणजे दुर्बळाची सक्तीची शरणागती होय. दुपारी कार्यालयात हात मिळवणारा सायंकाळी थांब्यावर वाट पाहत असतो. प्रार्थनेच्या वेळी नाव घेऊन उपदेश करणे हेही तितकेच घातक. ‘तू काय केलेस म्हणून ते तुला त्रास देतात?’ हा प्रश्न तर विचारूच नये; मुलाने तो स्वतःला शंभर वेळा विचारलेला असतो. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. कोणाला सांगावे लागेल आणि का, हे मुलाला आधी सांगावे आणि पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी त्याला कशाची भीती वाटते, ते विचारून घ्यावे.

छळणाऱ्यांना एकेकटे बोलवावे. पीडिताने सांगितले असे न म्हणता शिक्षकाच्या नजरेस आले, असे म्हणता येईल एवढी नजर आधी दोन दिवस ठेवावी. वाहकाशी आणि थांब्यावरील चहावाल्याशी बोलून ठेवणे हे कोणत्याही परिपत्रकात नाही, पण माणगावसारख्या ठिकाणी त्याचा उपयोग मोठा आहे. बाजूला राहणाऱ्यांपैकी एक-दोन समंजस मुले हेरून त्यांना केवळ सोबत बसायला, सोबत चालायला सांगावे, भांडायला नव्हे. आणि आठ दिवसांनी, पुन्हा पंधरा दिवसांनी, त्या मुलाला स्वतःहून विचारावे. ही विचारणा वर्गासमोर नको. वही परत देताना किंवा व्हरांड्यातून जाताना, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, ‘आता बसमध्ये कसे आहे?’ एवढे विचारले तरी चालते.